काळ्या कोटावरचा रफू

सुई ओवणं हे काही सांगण्यासारखं काम नव्हे. नोकरीच्या अर्जात ते ‘अनुभव’ म्हणून लिहिता येत नाही, आणि शेजारणीला सांगावं तर ती म्हणणार, त्यात काय एवढं. पण या घराचा गाडा गेली तीन वर्षं त्या सुया ओवण्यावर चालला होता, आणि ही गोष्ट फक्त दोघींना ठाऊक होती. एक धाकटी आणि दुसरी तिची आई.

आई रफू करायची. म्हणजे नुसतं भोक बुजवायचं तसलं नव्हे. कोटाला ठिणगीनं पडलेलं भोक असो, स्वेटरला लागलेली कसर असो, की खिळ्याला अडकून टरकावलेली पँट असो, चार दिवसांनी न्यायला आलात की फाटलं कुठं होतं हे तुम्हालाच शोधत बसावं लागे. काही गिऱ्हाइकं तर सरळ म्हणायची, बाई, दुसऱ्याचाच कोट दिलात की काय. त्यावर आई नुसती चष्मा वर सरकवून हसायची. तिचा सगळा तोरा त्या हसण्यात असायचा. वडील गेले तेव्हा थोरला कॉलेजात पाऊल ठेवत होता आणि धाकटी चौथीत होती. आईनं समोरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडलं, काचेवर ‘रफू करून मिळेल’ असा पुठ्ठा टांगला आणि कुणापुढे हात न पसरता दोन्ही पोरांना वाढवलं. थोरला शिकून दुसऱ्या गावी मार्गी लागला. लग्न झालं, घर झालं. आता तो दर रविवारी फोन करून सल्ले द्यायचा. सल्ला द्यायला अंतर लागतं, ते त्याच्याकडे होतं.

मग आईच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे दुखणं पार मागच्या पडद्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आहे याहून वाढणार नाही, पण गेलेलं परत यायचं नाही. माणूस दिसे, त्याचा चेहरा पुसट, दार दिसे, मोठ्या भिंगाखाली कापडाचा धागान् धागा दिसे. सुईचं नेढं मात्र काही केल्या दिसेना. आणि गडद रंग सगळे एकसारखे झाले. काळा काय, निळा काय, तिला सगळं एकच.

थोरल्यानं सुई ओवायचं एक तारेचं यंत्र पाठवलं. रफूच्या बारीक सुयांपुढे त्या तारेचा दोन दिवसांत निकाल लागला. टिकली असती तरी तार काही रंग सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाला सांगून टाकायचं होतं सरळ. पण आई कसली ऐकते. रंग न दिसणाऱ्या बाईच्या हाती आपला कोट कोण देईल, हा तिचा सवाल. म्हणून मायलेकींनी एक पद्धत बसवली. टेबलावर सुया टोचायच्या तीन चौकोनी गाद्या. एकीत फिके रंग, दुसरीत मधले, तिसरीत गडद. धाकटीनं रोज सकाळी उठून सगळ्या सुया ओवायच्या आणि ठरल्या क्रमानं ओळीत टोचायच्या. गडद रंगांच्या गादीचा क्रम कायमचा ठरलेला होता. डावीकडून आधी काळा, मग गडद निळा, मग गडद तपकिरी, आणि उजव्या टोकाला बाटलीसारखा हिरवा. आई बोटांनी चाचपून सुई काढायची. नव्या कपड्याला त्याच्याच आतल्या शिवणीतला धागा काढून वापरता येतो, पण जुना कोट असला की त्याचा धागा हातात येतो न येतो तोच तुटतो. तिथं बाहेरचा धागा लागतो आणि तिथं रंग चुकून चालत नाही. शेवटी, तयार झालेला कपडा धाकटीनं दारात उन्हात धरून बघायचा. कारण काही रंग घरातल्या दिव्याखाली सख्खी भावंडं वाटतात आणि उन्हात गेले की एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. तिनं मान डोलावली की मगच घडी.

तीन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. आईला त्याचा अभिमान होता. धाकटीलाही होता, नाही असं नाही. पण सकाळी डोळे उघडायच्या आधीच पलीकडच्या खोलीतून आईची चाहूल लागायची. ही आपली उठून, आवरून, हात मांडीवर ठेवून बसलेली. कधी हाक मारायची नाही, घाई करायची नाही. हाक मारली असती तर धाकटीला निदान चिडता तरी आलं असतं. चोवीस वर्षांची झाली होती ती. कापडाचं शिकून शाळेच्या गणवेशांच्या दुकानात दुपारच्या पाळीला काउंटरवर उभी राहत होती, कारण सकाळ सुयांची. बरोबरीच्या मुली कुठे कुठे निघून गेल्या. हिला वाटायचं, आयुष्यात एक सकाळ अशी यावी की आपल्या उठण्याकडे कुणी डोळे लावून बसलेलं नाही. असं वाटलं की लगेच स्वतःची लाज वाटायची, आणि मग ती दोन सुया जास्तच ओवून ठेवायची.

दूरच्या एका कापड गिरणीत रंग तपासायला माणूस हवा, ही जाहिरात तिनं पाहिली आणि गुपचूप अर्ज करून टाकला. मिळणार थोडीच, असं म्हणत. अशा वेळी माणूस स्वतःलाच कसं फसवतो ते बघण्यासारखं असतं. परीक्षेचं बोलावणं आलं, तेव्हाही ती आईला म्हणाली नाही की परीक्षेला चालले. मैत्रिणीकडे जातेय म्हणाली.

त्या सकाळी तिची धांदल उडाली होती. आईच्या शेजारची खुर्ची, जिच्यावर बसून ती रोज सुया ओवायची, तिच्यावर इस्त्रीचे कपडे पसरलेले. खाली प्रमाणपत्रांची फाइल, आई अंघोळीहून यायच्या आत पिशवीत घालायची होती. तिनं एक स्टूल ओढलं, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली, भराभर सुया ओवल्या, टोचल्या आणि निघाली.

परीक्षा म्हणजे रंगीत गोल चकत्यांचा ढीग होता. एकापुढे एक अशा लावायच्या की शेजारशेजारच्या चकत्यांत केसाएवढाच फरक राहावा. पंचाऐंशी चकत्या. तिनं त्या अशा लावल्या की तपासणाऱ्या बाईंनी उत्तराचा कागद दोनदा ताडून पाहिला. एकही चूक नाही. कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. घरी, असं ती म्हणाली.

परत यायला उशीर झाला. तोवर आईनं त्या दिवशी करायला घेतलेला, वकीलीणबाईंचा काळा कोट संपवला होता आणि त्यांचा माणूस येऊन घेऊनही गेला होता. उन्हात बघायचं राहिलं, अशी एक शंका धाकटीच्या मनात आली खरी. पण काळ्याला काळा, त्यात बघायचं काय. शिवाय मन दुसरीकडे होतं; दुसऱ्या सकाळी तिनं उरलेल्या सुया न बघताच उपसून सगळ्या नव्यानं ओवल्या.

आठ दिवसांनी गिरणीचं पत्र आलं. महिनाअखेर रुजू व्हा. ते तिनं पिशवीच्या तळाशी घातलं आणि रोज ठरवलं की आज सांगायचं. तीन दिवस तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी वकीलीणबाई स्वतः आल्या.

त्या जुन्या गिऱ्हाईक. कोट त्यांच्या वडिलांचा, वडीलही वकील, त्यांच्या पाठीमागे बाईंनी तो आपल्या मापाचा करून घेतलेला. दुसरी एखादी असती तर दारातूनच तोंडाचा पट्टा सोडला असता. या हसत आत आल्या. म्हणाल्या, कोर्टाच्या आवारात उन्हात उभी होते, माझी ज्युनिअर म्हणाली, मॅडम, तुमच्या पाठीवर पान चिकटलंय. ती झटकायला गेली तर पान काही निघेना.

आईनं कोट हातात घेतला. रफूच्या जागेवरून बोट फिरवलं. वीण चोख होती, तिच्या बोटांना ती लगेच पटली. मग ती दाराशी आली, कोट उन्हात धरला आणि धाकटीला म्हणाली, “हिरवा आहे ना गं?”

धाकटीनं बघितलं. काळ्याभोर पाठीवर नखाएवढा हिरवा तुकडा होता, सुबक, एकही टाका इकडचा तिकडे नाही. “हो,” ती म्हणाली.

आईनं वकीलीणबाईंना एवढंच सांगितलं की चूक झाली, कोट ठेवून जा. त्या म्हणाल्या, सवडीनं करा, दुसरा आहे माझ्याकडे. त्या गेल्यावर आईनं कोट खुंटीला अडकवला आणि खुर्चीत बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली की तिनं उजव्या टोकाची सुई काढली असणार. आता डावं-उजवंही कळेनासं झालं म्हणायचं. हे असं एक दिवस होणारच होतं.

आणि त्याच वेळी धाकटीची नजर पलीकडच्या त्या स्टुलावर पडली.

त्या सकाळी ती समोर बसली होती. तिचं डावं ते आईचं उजवं. काळा तिनं आपल्या डाव्या हाताला टोचला होता, म्हणजे आईच्या उजव्या टोकाला. आणि आईच्या डाव्या टोकाला, जिथं तीन वर्षं काळाच होता, तिथं हिरवा. आईनं बरोबर डावीकडची पहिली सुई काढली होती. आईचं काहीही चुकलं नव्हतं.

आता बोलून टाक की बये, असं आपल्याला वाटतं. तिलाही वाटलं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण आई पुढे म्हणाली, “हे काम आता बंद करायचं. तू तरी किती दिवस माझ्यापायी अडकून पडणार?”

धाकटी गप्प राहिली. एक मिनिट. मग दुसरं. गप्प बसण्याची गंमत अशी की पहिलं मिनिट तेवढं जड जातं, नंतर ते आपोआप चालतं.

त्यानंतर जे झालं ते इतकं सुरळीत झालं की तिला भीती वाटावी. आईनं थोरल्याला फोन केला. तो एरवी आढेवेढे घेणारा, पण या वेळी पटकन म्हणाला, आई माझ्याकडे येईल, महिनाअखेर मी न्यायला येतो. आईनं धाकटीला विचारलं, तू कधी कुठे अर्ज वगैरे केला होतास का. धाकटीनं पत्र बाहेर काढलं, जणू कालच आलेलं. आईनं ते भिंगाखाली धरून अक्षर न् अक्षर वाचलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, जा. इथं ओवायला आता राहिलंय काय. काचेवरचा पुठ्ठा निघाला. आलेले कपडे निरोप पाठवून परत गेले. वकीलीणबाई तेवढ्या बाहेरगावी होत्या, म्हणून त्यांचा कोट खुंटीवरच राहिला.

पुढचे बारा दिवस धाकटीनं जे बघितलं ते देव करो आणि कुणाच्या वाट्याला न येवो. आईचे डोळे होते तसेच होते, डॉक्टरांचा शब्द खरा होता. पण बाईचा धीरच गेला. परवापर्यंत रस्ता ओलांडून दूध आणायची, ते तिनं सोडलं. चहा ओतताना आधी कपाच्या कडेला बोट लावून बघू लागली, आणि बोट लावल्यामुळेच चहा सांडू लागला. सकाळी उठून ती सवयीनं टेबलाशी जाऊन बसायची, मग काहीतरी आठवल्यासारखं करून उठायची आणि पलंगावर येऊन बसायची. तिथं बसून चादरीची कड दोन बोटांत धरून सरकवत राहायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच विचारायची, आज मी घातलंय ते निळंच ना गं. निळंच असायचं. धाकटी म्हणायची, हो, निळंच. तर म्हणायची, माझी समजूत काढू नकोस.

रोज सकाळी धाकटी ठरवायची की आज सांगायचं आणि रोज संध्याकाळपर्यंत तिला एक नवं कारण सापडायचं. आज नाहीतर उद्या डोळे जाणारच होते. थोरल्याकडे सून आहे, आईला आराम मिळेल. साठी आली, अजून किती राबायचं तिनं. सगळी कारणं खरी होती, हीच पंचाईत. खोटी असती तर एवढं खाल्लं नसतं मनाला. ताटात वाढलेलं तसंच राहू लागलं. आईला वाटलं, पोरगी आपल्याला सोडून जायच्या दुःखानं झुरतेय, आणि तिनं जवळ बसवून उलट हिचीच समजूत घातली. त्या वेळी धाकटीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, धाकटी बॅग भरत होती. आई धाग्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. गल्लीच्या तोंडाशी जो शिंपी आहे त्याला हे सगळं देऊन टाक, म्हणाली, भिंगसुद्धा. आणि तिन्ही गाद्यांमधल्या सुया ती एकेक करून उपसू लागली. उपसलेली सुई डब्यात टाकायच्या आधी तिनं अंगठ्यानं तिचं टोक चाचपून बघितलं, शाबूत आहे ना म्हणून. देऊन टाकायची होती, तरी बघितलं.

धाकटीच्या हातातली घडी तशीच राहिली.

“आई, ती चूक तुझी नव्हती,” ती म्हणाली. “सुया मी उलट्या टोचल्या होत्या.”

आणि मग तिनं सगळं सांगितलं. खुर्चीवरचे कपडे, स्टूल, डावं-उजवं, मैत्रिणीकडे म्हणून परीक्षेला जाणं. भडाभडा सांगितलं, न थांबता, आईकडे न बघता. सांगून झाल्यावर वर बघितलं तर आई हसत होती. मायेनं, डोळ्यांत पाणी आणून.

आईनं तिचा हात हातात घेतला. म्हणाली, असं काहीतरी तू सांगशील, हे मला वाटलंच होतं. आईला बरं वाटावं म्हणून पोरगी आपल्या डोक्यावर घेतेय. धाकटी म्हणाली, शप्पथ, खरं सांगतेय. आईनं मान हलवली.

“तुझ्या हातून झालं असतं ना, तर तू त्याच दिवशी बोलली असतीस,” ती म्हणाली. “वकीलीणबाई दारात असतानाच बोलली असतीस. मला बारा दिवस असं बसलेलं बघून तू गप्प राहशील? तू तशी नाहीस. माझी पोर मला माहीत आहे.”

झालं. इथं धाकटी सुटली होती. सांगायचं ते सांगून झालं होतं, आता आईनं मानलं नाही तर त्याला ती काय करणार. उद्याचं तिकीट पाकिटात होतं, आईच्या मनात लेक सोन्याची होती, आणि तिला आता फक्त मान खाली घालून बसायचं होतं. कुणी नावं ठेवली नसती. कुणाला कळलंच नसतं.

तिनं आईच्या हातातून हात सोडवून घेतला.

“मी तशी आहे,” ती म्हणाली. “मला जायचं होतं म्हणून मी गप्प राहिले. पत्र तेव्हाच माझ्या पिशवीत होतं. तुला डोळे गेले असं वाटलं, तर तूच मला जा म्हणशील, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं.”

आईचं हसू हळूहळू गेलं. ती कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली, म्हणजे धाकटीचा चेहरा जिथं असायला हवा तिथं. धाकटी वाट बघत होती की आता रडेल, नाहीतर थोबाडीत देईल. थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

आई म्हणाली, “म्हणजे मी डावीकडचीच काढली होती?”

“हो.”

“पहिलीच?”

“हो आई. पहिलीच.”

आईनं छातीभर श्वास घेतला. मांडीवरचे दोन्ही हात उचलून डोळ्यांपुढे धरले, एकदा तळहात, एकदा पालथे, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. मग ती रडली. लेकीच्या वागण्यापायी नव्हे, हे धाकटीला समजत होतं. हात परत मिळाले म्हणून रडली. बारा दिवस या बाईनं काय सोसलं ते धाकटीला आत्ता, तो आनंद बघून कळलं, आणि तिला तिथं बसवेना. पण उठायचीही हिंमत होईना.

राग त्यानंतर आला. आईनं डोळे पुसले, आवाज चढवला नाही. म्हणाली, मी दूध आणायचं सोडलं. माझ्या घरात मी भिंत धरून चालायला लागले. तू बघत होतीस. धाकटी नुसती हो म्हणाली, दुसरं काय म्हणणार.

“तुला जा म्हटलं होतं ना, ते मी परत घेते,” आई म्हणाली. “नको जाऊस, असंही म्हणणार नाही. जायचं असलं तर तू ठरव आणि तू जा. माझ्या डोळ्यांवर ढकलू नकोस.”

अर्धी भरलेली बॅग पलंगावर उघडी पडली होती. आता राहते म्हणाली असती, तर सगळं फिटलं असतं, निदान तसं वाटलं असतं. आईनं अडवलं असतं तर अडली असती, आईनं ढकललं असतं तर निघाली असती. दोन्ही वाटा आईनं बंद करून टाकल्या होत्या. आपल्याला जायचं आहे. एवढं सगळं होऊनही जायचंच आहे, हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याची तिला जेवढी लाज वाटली तेवढी त्या बारा दिवसांचीही वाटली नव्हती.

“मी जाणार आहे,” ती म्हणाली.

“बरं,” आई म्हणाली.

मग आईनं थोरल्याला फोन लावला आणि सांगितलं, मला न्यायला येऊ नकोस. तो पलीकडून काय काय विचारत होता. आई म्हणाली, काही नाही, हिशोबात माझीच गफलत झाली होती, हात चांगले आहेत माझे. धाकटीचं नाव तिनं घेतलं नाही. ते न घेणंही धाकटीला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. भिंगाखाली काळा कोट होता आणि ती हिरवे टाके उसवत होती, एकेक, कापडाला धक्का न लावता. काचेवर पुठ्ठा परत लागला होता, थोडा वाकडा. धाकटी जवळ जाऊन उभी राहिली आणि विचारलं, निघायच्या आधी सुया ओवून देऊ का, आठवडाभर पुरतील एवढ्या देते.

आई म्हणाली, नको. वकीलीणबाई आज परत येतायत, त्यांनाच ओवायला लावीन. यापुढे हेच. ज्याचा कपडा त्यानं उन्हात धरून धागा निवडायचा, त्यानंच ओवून द्यायचा. मला रंग दिसत नाही म्हणून सांगणार सगळ्यांना. ज्यांना द्यायचे ते देतील कपडे, नाहीतर नाही देणार.

हे ती उसवता उसवता म्हणाली, मान वर न करता. इतकं सोपं होतं ते. तीन वर्षं दोघींना सुचलं नव्हतं, आणि धाकटी त्या दिवशी दारातच खरं बोलली असती तर त्या दिवशीही सुचलं असतं. आईनं तसं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

धाकटी पाया पडली. आईनं डोक्यावर हात ठेवला, लगेच उचललाही, कारण त्या हातात सुई होती. दारापर्यंत आली नाही. पोचल्यावर फोन कर, असं आपण परक्यालाही म्हणतो. ते आईनं म्हटलं नाही.

बस सहा तास चालली. गिरणीच्या जवळच एका बाईंकडे वरची खोली ठरली होती. जिना चढून, बॅग टेकवून, पाणीही न पिता धाकटीनं फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आईनं उचलला आणि कोण म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, मी, पोचले.

मागून वकीलीणबाईंचा आवाज येत होता. त्या म्हणत होत्या, अहो, मलाही दिसत नाही हो हे नेढं, आता कुणाला बोलवायचं. आणि आई हसली. मोकळं, मोठ्यानं, धाकटीनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं तसं. हसतच तिनं तोंड परत फोनकडे वळवलं. धाकटीनं जीव कानात गोळा केला.

“पोचलीस ना,” आई म्हणाली. हसू तोवर संपलं होतं. “बरं. ठेवते मी, हातात काम आहे.”